गफूरचाचा आणि हृदयाची मोटर

गफूरचाचांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा पहिली काही मिनिटं त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझी स्कूटर ऐकत होते. घोडेगावच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि दुकानावरची खोली रिकामी आहे असं मला कळलं होतं. मी दारात स्कूटर थांबवली, किल्ली फिरवायला हात नेला, तेवढ्यात आतून एक उंच, सडपातळ, मेंदीने दाढी रंगवलेला माणूस हात वर करून धावत आला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. चालू ऱ्हाऊ द्या." त्यांनी खिशातून वीतभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बेरिंग," ते म्हणाले. "आजून दोन म्हैने." मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कोण?"

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर असल्याचं सांगितलं. त्यांनी खोली दिली. बेरिंग नऊ आठवड्यांनी गेलं.

पुढच्या चार वर्षांत मी त्यांना पुढील गोष्टींना स्क्रूड्रायव्हर लावून ऐकताना पाहिलं: पाण्याच्या मोटरी, पिठाची गिरणी, फ्रीज, एका सरकारी कचेरीचा जनरेटर (बोलावलेलं नसताना), शिजणारी डाळ आणि त्यांचे जावई. जावई दुपारचे घोरत होते. चाचांनी मूठ कानाला लावून अर्धा मिनिट ऐकलं आणि मान हलवून ते उठले. निदान त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. जावयांना मात्र त्यानंतर बरेच दिवस झोप नीट लागत नव्हती.

चाचांचं शिक्षण नववीपर्यंत झालं होतं. आंबेगाव तालुक्यात डिंभ्याच्या धरणापासून खाली नदीकाठाने जितक्या मोटरी होत्या, त्यातल्या बहुतेक त्यांच्या हातून गेल्या होत्या. पावसाळा हा त्यांचा हंगाम. जुलैत नदीला पाणी चढलं की काठावरच्या मोटरी बुडत आणि शेतकरी त्या चिखलासकट दुकानात आणून टाकत. चाचा मोटर लगेच उघडत नसत. आधी ते मालकाला समोर बसवत आणि जबाब घेत.

"काय झालं?"

"काय नाय चाचा. आपोआप जळली."

"आपोआप?" चाचा हसत नसत. "राव, आपोआप फक्त क्यास पांढरे व्हतात. मोटर कुणीतरी जाळावी लागती. बोला."

मग मालक हळूहळू कबूल करी की रात्री पाणी आटलं होतं, मोटर कोरडी चालली, तो झोपला होता. कबुली मिळाल्याखेरीज चाचा पान्याला हात लावत नसत. मोटर खोलली की सगळे भाग ते पोत्यावर ओळीने मांडत, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. जोडताना मालकाला प्रत्येक भागाचं नाव सांगावं लागे. ज्याला नाव येत नसे त्याला मोटर मिळायची, पण दुसऱ्या दिवशी. "मशीन खोटं बोलत न्हाई," असं ते म्हणत. "मालक बोलतो. म्हून मालक आधी दुरुस्त करायचा."

त्यांची दुसरी सवय माझ्या धंद्याच्या जवळची होती. स्वतःची चूक लक्षात आली की ते थांबत नसत. एकदा जेवताना त्यांना आठवलं की डिंभ्याच्या एका शेतकऱ्याला दिलेल्या मोटरीचा एक नट आवळायचा राहिला आहे. मोटर शेतात बसली होती, चालू होती, तक्रार नव्हती. चाचा हात धुऊन निघाले, मिळेल त्या जीपला लटकत डिंभ्याला गेले, नट आवळला आणि शेवटची गाडी चुकल्यामुळे त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर झोपून सकाळी परत आले. शेतकऱ्याला नट ढिला असल्याचं अखेरपर्यंत पटलं नाही.

इतरांच्या चुकांनाही ते हाच न्याय लावत. मी एकदा 'पाच अश्वशक्तीची मोटर चोरीला' अशी बातमी दिली. सकाळी सात वाजता चाचा वर्तमानपत्र घेऊन जिना चढून आले. "तीनची हाय. तिची तार मीच भरलीये." मी म्हटलं, पोलिसांनी पाच सांगितलं. "पोलिसांनी भरलीये का?" दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. संपादकांनी फोन करून विचारलं, या दुरुस्तीत कोणाला रस असेल? मी म्हटलं, एका माणसाला. तो वाचक चुकवून चालणार नव्हता. तो खाली राहत होता.

चाचांना दोन मुली. थोरलीचं लग्न झालं होतं, त्या जावयांचा उल्लेख आधी आलाच आहे. धाकटी रुबिना बारावी सायन्सला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. हा निर्णय तिने आठवीत घेतला होता आणि त्यावर घरात फेरविचार झालेला नव्हता. फेब्रुवारीच्या परीक्षेत ती सगळ्या विषयांत पास झाली, जीवशास्त्र सोडून. तिथे चार गुण कमी पडले. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही: हृदय आणि रक्ताभिसरण यावरचे प्रश्न तिने कोरे सोडले होते. आकृती काढायला घेतली आणि हातच चालला नाही, असं तिने सांगितलं. आता जुलैची पुरवणी परीक्षा उरली होती. त्यात पास झाली तर त्याच वर्षी नर्सिंगचा प्रवेश. नाही तर वर्ष गेलं.

चाचांनी निकाल ऐकला आणि तिला पोत्यावर बसणाऱ्या मालकासारखं समोर बसवलं.

"काय झालं?"

"हृदय राहिलं, अब्बा."

"आपोआप ऱ्हायलं?"

"नाही. मला कळलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही."

चाचांचं समाधान झालं. कबुली मिळाली होती. आता दुरुस्ती शक्य होती.

पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जेवणं उरकली आणि मला खालून हाक आली. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. पोत्यावर एक पंप सुटा करून मांडला होता. शेजारी रुबिना जीवशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. नजमाचाचींनी तिघांसाठी पाटावर चहा ठेवला होता. पुस्तक इंग्रजीत होतं आणि चाचांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून माझी नेमणूक दुभाषा म्हणून झाली.

मी सांगितलं की माझा विषय राज्यशास्त्र होता.

"तुमी पेपरवाले," चाचा म्हणाले. "तुमाला म्हाईत नसलं तरी तुमी लिवताच की. वाचा."

मी वाचलं. हृदय हा स्नायूंचा पंप आहे, इथपर्यंत आम्ही आलो आणि चाचांनी हात वर केला. "थांबा. पंप? असं सरळ लिवलंय?" मी शब्द दाखवला. ते रुबिनाकडे वळले. "मग चार गुण कुठं गेले? आपल्या घरात पंपावर नापास व्हायचं म्हंजे…" वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. चाचींनी पूर्ण केलं: "म्हणजे बापावर गेली."

यानंतर जे काम झालं ते उत्तम होतं, याची नोंद करायला हवी. चाचांनी पाण्याच्या मार्गाने सुरुवात केली. जिथून पाणी ओढलं जातं ती सक्शनची बाजू, जिथून फेकलं जातं ती डिलिव्हरीची. झडप एकाच दिशेने उघडते, परत येणाऱ्या पाण्याला बंद करते. "सांग, झडप नसली तर काय?" "रक्त उलटं येईल." "शाब्बास. विहिरीत फूटव्हॉल्व्ह कशाला बसवतो आपण? त्याच्यासाठीच." पेसमेकर म्हणजे काय, हे मी वाचून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "स्टार्टर. ह्यो बिघडला की मोटर हुं हुं करती पर फिरत न्हाई." रुबिना भराभर लिहून घेत होती. तिला जे वर्षभर कळलं नव्हतं ते अर्ध्या तासात सुटत होतं. हे दिसत होतं, कारण ती मधेच प्रश्न विचारायला लागली होती.

पहिली अडचण आकृतीची आली. पुस्तकात डावीकडे 'उजवा' आणि उजवीकडे 'डावा' असं छापलेलं होतं. चाचांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "ही तुमच्या लोकांची चूक."

"अब्बा, चूक नाही. समोर माणूस उभा आहे असं धरायचं. त्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो."

"कोण माणूस?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरात बनियनवर होतो. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या छातीवर लोखंडावर खुणा करायच्या खडूने चार कप्पे आखले गेले. उजवा-डावा आता चुकण्याची शक्यता राहिली नाही. रुबिना पट्टीच्या टोकाने एकेक कप्पा दाखवत नाव घेत होती, चाचा मान डोलवत होते, आणि मी श्वास रोखून उभा होतो, कारण श्वास घेतला की झडपा हलत होत्या. नजमाचाची कप न्यायला आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं लग्न जमवायचं राहिलंय, लक्षात आहे ना?" आणि आत गेल्या.

दुसरी अडचण फुप्फुसांची होती. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तिथे त्यात हवा मिसळते आणि ते डाव्या बाजूला परत येतं, असं मी वाचलं. चाचा उभे राहिले.

"एअर?"

"ऑक्सिजन."

"एअरच ती. राव, मोटरीत एअर धरली तर आमी दिसभर ती काढत बसतो. शेतकरी रडतो. आन् हितं अल्लानं येक अख्खी मोटर एअर भरायलाच बसवलीये?"

"बुडबुडे नसतात अब्बा. विरघळलेला असतो. साखरेसारखा."

चाचांनी चहाच्या कपाकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि बसले. हा मुद्दा त्यांनी रुबिनाला दिला. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या अडचणीत मात्र त्यांनी हार मानली नाही. पुस्तक म्हणत होतं की हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ असतात. रक्त परत आणणाऱ्या शिरांच्या भिंती पातळ आणि मऊ असतात. मी मराठीत सांगितलं. चाचांनी मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"उलटं हाय," ते म्हणाले.

ते उठले आणि कोपऱ्यातून दोन पाइप घेऊन आले. एक सक्शनचा, आत तारेचं वेटोळं असलेला कडक पाइप. दुसरा डिलिव्हरीचा, पलंगपोसासारखा गुंडाळता येणारा लपेटा पाइप. "हे बघा. ओढायचा पाइप कडक लागतो. मऊ घातला तर मोटर त्यालाच चोखती, पाइप चिमतो, पाणी बंद. फेकायचा पाइप मऊ चालतो, पाणी त्याला आपलं आपण फुगवतं. पुस्तकवाल्यानं दोन्हीची नावं आदलाबदल केली."

"अब्बा, सगळ्या पुस्तकांत तसंच आहे."

"मोटर चोरीला गेली तवा सगळ्या पेपरांत पाच व्हतं. खरी तीनची व्हती. इचार ह्यांना."

मला हा पुरावा नाकारता आला नाही. राज्यशास्त्रात शिरा नव्हत्या. शिवाय त्यांच्या हातात खरे पाइप होते आणि माझ्या हातात फक्त छापील मजकूर. छापील मजकूर कसा तयार होतो हे मला माहीत होतं. मी म्हटलं, चाचांचं म्हणणं तर्काला धरून आहे.

रुबिनाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

त्यानंतर चाचांनी तो मुद्दा तिच्याकडून सात वेळा म्हणवून घेतला. परत आणणारा कडक, बाहेर नेणारा मऊ. "कळलं?" "हो अब्बा." "पुना सांग." "परत आणणारा कडक." "लिवशील ना?" "हो अब्बा." शेवटी तिने पुस्तक मिटलं, म्हणाली, "आता सगळं आलं, अब्बा. तुम्ही पण झोपा," आणि आत गेली. चाचा हात चोळत पोत्यावरचे भाग आवरत राहिले. "पुस्तकावर इसंबून ऱ्हायली असती तर गेली असती परत," ते मला म्हणाले. मी छातीवरचा खडू धुवायला गेलो.

पुरवणी परीक्षेचं तिचं केंद्र जुन्नरला होतं. पेपर अकराचा. रुबिना सकाळी आठच्या एसटीने गेली. केंद्रात मोबाइल चालत नाही म्हणून तिने तो घरीच ठेवला होता, ही गोष्ट लवकरच महत्त्वाची ठरणार होती.

सव्वाआठच्या सुमारास डिंभ्याकडचा बबन नावाचा एक शेतकरी दुकानात आला. त्याच्या पोल्ट्रीत पावसाचं पाणी शिरलं होतं आणि ते उपसताना डिलिव्हरीचा लपेटा पाइप उभा फाटला होता. मी तेव्हा पायरीवर बसून पेपर चाळत होतो, त्यामुळे पुढचं संभाषण मी स्वतः ऐकलं आहे.

"आपोआप फाटला," बबन म्हणाला.

"कुठला पाइप?"

"फेकायचा."

"सक्शनचा कधी फाटला का?"

"तो कशाला फाटंल चाचा? त्येच्यात जोर कुठं असतो? सगळा जोर फेकायच्या पाइपाला."

चाचांनी फाटका पाइप हातात घेतला. फाटलेली कड अंगठ्याने चाचपली. मग त्यांनी बोटाने हवेत एक गोल काढला, सुरुवात केली तिथेच आणून सोडला, आणि तो पुन्हा काढला. हृदयाला विहीर नाही, शेत नाही. पाणी निघतं तिथेच परत येतं. भरलेल्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याला ओढावं लागत नाही. मग त्या पाइपाला कडक असण्याचं कारण काय? आणि ज्या पाइपाला मोटर दर मिनिटाला सत्तर-ऐंशी धक्के देते, जन्मभर देते, तो मऊ घातला तर… त्यांनी फाटक्या पाइपाकडे पुन्हा पाहिलं.

"पुस्तक बराबर हाय," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पेपरवाले, पुस्तक बराबर हाय!"

त्यांनी रुबिनाला फोन लावला. फोन आत स्वयंपाकघरात वाजला. चाचींनी उचलला. "कुठं हाय पोरगी?" चाचांनी विचारलं. "बसमध्ये," चाची म्हणाल्या, "तुम्हीच तर बसवून आलात."

आम्ही आठ वाजून बावीस मिनिटांनी निघालो. मी स्कूटर चालवत होतो, चाचा मागे बसले होते आणि फाटका पाइप त्यांच्या हातात तसाच होता. तो खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. बबन मागून ओरडत होता, "आवं माझा पाइप!" भुरभुर पाऊस होता. चाचा माझ्या कानाशी अखंड बोलत होते. वाक्यं दोनच होती. एक: "दाबा." दुसरं: "मी बसवलंय चुकीचं, मीच काढणार."

वाटेत दोन गावांच्या थांब्यांवर बस नुकतीच गेल्याचं कळलं. तिसऱ्या गावापुढच्या चढावर ती दिसली. लाल, भरलेली, पहिल्या गिअरमध्ये. मी हॉर्न दिला. बसच्या चालकाने बाजू दिली नाही. तेव्हा चाचा पायदानावर उभे राहिले आणि त्यांनी तो पाइप डोक्यावर गरागरा फिरवायला सुरुवात केली. चालकाने आरशात पाहिलं. एक म्हातारा स्कूटरवर उभा राहून पाइप दाखवत पाठलाग करतो आहे, यावरून कोणताही चालक जो निष्कर्ष काढील तोच त्याने काढला. त्याने बस बाजूला घेतली, उतरला आणि खाली वाकून बसचं पोट तपासू लागला. "कुठला निघाला? कुठला निघाला चाचा?"

चाचांनी त्याला उत्तर दिलं नाही. ते खिडक्यांखालून चालत होते. "रुबिना! ये रुबिना!"

पाचव्या खिडकीतून रुबिनाचं डोकं बाहेर आलं. हातात पुस्तक होतं. तिने पाइप पाहिला, बाप पाहिला, मला पाहिलं.

"उलटं सांगितलं मी!" चाचा खालून ओरडले. "फेकायचा कडक! परत आणणारा मऊ! म्या चुकलो. पुस्तक बराबर हाय. ऐकती का? फेकायचा कडक!"

सगळी बस खिडक्यांना आली. एका आजीबाईंनी शेजारणीला विचारलं, "काय फेकायचंय?" कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "चाचा, पोरगी पेपरला चाललीय का प्लंबिंगला?"

रुबिना खिडकीत पुढे झुकली. तिने आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण बसमध्ये इतकी शांतता होती की तो सगळ्यांना ऐकू गेला.

"अब्बा, मी पुस्तकातलंच लिहिणार होते."

चाचांचा पाइप खाली आला. "काय?"

"मला रात्रीच माहीत होतं. शिकवलंय ते कॉलेजात."

"मग राती सात येळा हो हो कशाला म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही पहाटेपर्यंत पटवत बसला असता. मला झोपायचं होतं. आणि तुम्ही दोन रात्री झोपला नव्हता. अम्मी म्हणाली, हो म्हण, म्हणजे झोपतील."

बसमध्ये हसू फुटलं ते मागच्या सीटपासून पुढे आलं. कंडक्टरने घंटा दिली. चालक हात पुसत वर चढला. बसचे सर्व पाइप जागेवर होते. रुबिना माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि काका, तुम्ही पण? तर्काला धरून?" मी उत्तर देण्याआधी बस सुटली.

चाचा रस्त्याच्या कडेला उभे होते. दाढीवरून पाणी गळत होतं. मला वाटलं त्यांच्या मनाला लागलं असेल. तीस वर्षांत त्यांच्यासमोर पोत्यावर बसून कोणी खोटं बोललं आणि ते पचलं, असं झालं नव्हतं. बस चढावरून पलीकडे गेली तरी ते त्याच दिशेने पाहत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"माझ्या तोंडावर, राव. सात येळा. पापणी हालली न्हाई." त्यांनी पाइपाची घडी घालायला घेतली. "मी झोपलो बी. लई दिसांनी झोपलो." घडी नीट बसेना, त्यांनी ती पुन्हा सोडली. "पेशंटला असंच झोपवतात ना? ही नर्स झालीच म्हना. पेपर नुसता कागदासाठी."

कागदासाठी असला तरी घरी परतायला ते तयार नव्हते. आम्ही जुन्नरला गेलो आणि केंद्राबाहेर एका टपरीवर पेपर सुटेपर्यंत बसलो. चाचांनी पाच चहा घेतले आणि टपरीच्या स्टोव्हमधला बिघाड विनामूल्य सांगितला. दोननंतर मुलं बाहेर पडू लागली. रुबिना आली ती मान खाली घालून. चाचा उठले.

"हृदय आलं व्हतं?"

"आलं होतं. आकृती होती."

"काढली?"

"काढली. सगळे भाग बरोबर आहेत. नावंही." ती थांबली. "फक्त एक झालं. रात्री तो पंप समोर होता ना, तर घाईत वरच्या मोठ्या धमनीच्या तोंडाशी मी लोखंडी कडं काढून टाकलं. आणि त्याला बोल्ट. खोडायला वेळच उरला नाही."

चाचांनी डोळे मिटले. "किती बोल्ट?"

"सहा."

"तिथं चारच बसतात," ते म्हणाले.

रुबिना पास झाली. परीक्षकांनी बोल्टचे गुण कापले की नाही, याची माहिती मिळू शकली नाही. त्याच वर्षी तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला. चाचांनी तिची ट्रंक एसटीच्या टपावर स्वतः बांधली, गाठ दोनदा तपासली आणि बस निघाल्यावर दुकानात येऊन एक मोटर उघडून बसले. तिच्या मालकाचा जबाब घ्यायला ते विसरले होते. मालकाने आपण होऊनच कबुली दिली.

पुढच्या वर्षी माझी बदली पुण्याच्या कचेरीत झाली आणि मी घोडेगाव सोडलं. निरोप द्यायला चाचा स्कूटरपर्यंत आले. "चुकीचं गेलं तर गाठायचं," एवढं म्हणाले. "गाडी असली तर गाडी गाठायची."

मी आता रात्रपाळीला पान बघतो. पान छपाईला गेल्यावर घरी पोहोचतो आणि कधी कधी उशीवर डोकं ठेवल्यावर एखादा आकडा टोचायला लागतो. मी उठून फोन लावतो. पलीकडे आमची नवी उपसंपादक असते. वयाने रुबिनाएवढी. मी सांगतो, तिसऱ्या पानावर चौथ्या स्तंभात चूक आहे. ती म्हणते, "हो सर. ते आम्ही केव्हाच दुरुस्त केलंय. तुम्ही झोपा."

तिने खरंच दुरुस्त केलेलं असतं की मला झोपवण्यासाठी ती तसं म्हणते, हे सकाळी पेपर उघडून सहज तपासता येईल. पण तिसरं पान मी सगळ्यात शेवटी वाचायला ठेवतो, आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत पोहोचतच नाही.